चौथी चकती

बंदुकांच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. सव्वीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत गोळ्या आणि नळ्या तपासून निवृत्त झालो, पालघरला माहीम रस्त्यावर दोन खोल्या घेतल्या, तरी वकील मंडळी माझी पाठ सोडत नव्हती. १९८८च्या नोव्हेंबरात भगवंतच्या वकिलाने मला गाठलं, ते असंच.

प्रकरण रबराच्या एका काळ्या चकतीचं होतं. पाच मिलिमीटर जाड, बांगडीच्या आत बसेल एवढी, आणि मधे भोक नाही. अशा चकत्या सायलेन्सरच्या नळीत एकामागे एक बसवतात. गोळी स्वतःच भोक पाडून पुढे जाते, तिच्या मागे रबर पुन्हा आवळतं, वायू आत कोंडतो आणि आवाज दबतो. दहा-बारा गोळ्यांत भोक सैल पडतं. मग चकती फेकायची आणि नवी घालायची.

आमच्या कायद्यात बंदुकीचा आवाज दाबणारं साधन हे बंदुकीतच मोजतात, आणि सुट्या भागांचीही सुटका नाही. पण वापरून फेकायची चकती हा सुटा भाग, की नुसतं रबर? ती नळीत बसण्याआधी कोण? ह्या उत्तरावर भगवंतचं घर राहणार की जाणार, ते ठरायचं होतं.

भगवंत मूळचा घिवलीचा. बोईसरला औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये तो रबराचे वायसर काढायचा. सफारीतला एक माणूस आला आणि पंपासाठी म्हणून पन्नास चकत्या बिनभोकाच्या सांगून गेला. बिनभोकाचा वायसर मागणाऱ्याला शहाणा माणूस आधी दोन प्रश्न विचारील. भगवंतने कधी हवेत एवढंच विचारलं. पुढे तो सफारीवाला सायलेन्सरसकट पकडला गेला, आणि चकत्यांवर भगवंतच्या साच्याची खूण निघाली.

"सायेब, पन्नासावर चार जास्ती निघाले," कोठडीच्या गजाआडून तो म्हणाला. "ते सातपाटीला दादूभावोजींना दिले. त्यांनी भोकं पाडून इंजिनाच्या पायांखाली घातले. जाऊन बघा. वायसर तो वायसरच."

मला हा मुद्दा आवडला. ज्या चकत्या होडीच्या इंजिनाखाली मुकाट काम करतात, त्या केवळ बंदुकीसाठीच बनल्या असं कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशी दुपारी मी सातपाटीला गेलो.

बंदरावर बांबूंवर बोंबील वाळत होते. दादूची बायको, म्हणजे भगवंतची बहीण गोदूबाई, मासळीची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. बाकीच्या बायका अजून घरातच होत्या.

"त्या होडीचा आवाज कानावर आला की येतात," ती म्हणाली. "परतेक होडीचा आवाज येगळा. आमच्या ह्यांचं इंजिन तीन ठोके देतं आनि एक उचकी. ते आयकलं की मी चूल सोडायची. खाडीच्या तोंडाशी हे इंजिन मंद करतात, तवा पाटी कमरेला लावून उभं ऱ्हायचं. आता महिना झाला, कायच आयकू येत नाय. म्हून भरतीच्या आधीच येऊन बसते."

मी तिला समजावलं. पायांखाली रबर घातलं की इंजिनाचा हादरा लाकडात उतरत नाही, थोडा आवाज कमी होतो. त्यात गूढ काही नाही.

"मंग कमी झालेला आवाज जातो कुटं?"

"त्याची उष्णता होते, बाई." हे मी वर्गात शिकवावं तसं सांगितलं.

भरतीबरोबर होड्या यायला लागल्या. प्रत्येकीचा ठोका आधी, होडी मागून. मग खाडीच्या तोंडाशी एक निळी होडी दिसली. धुराड्यातून धूर निघत होता. मागे फेस पसरत होता. आवाज नव्हता.

मी कान चोळले. शेजारी कावळे ओरडत होते, ते नीट ऐकू येत होते.

होडी टेकल्यावर दादूला मी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि आत उतरलो. पट्टा फिरत होता. इंजिनावर तळहात ठेवला तर हात कोपरापर्यंत थरथरला. दादू माझ्याकडे बघून हसत काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले, एवढंच मला कळलं. मला भीती वाटली. ती मी लपवत नाही.

इंजिन बंद करून दादूने एका पायाखालची चकती काढली आणि तिथे टायरचा तुकडा सारला. पुन्हा चालू केलं. तरीही आवाज नाही. चकती माझ्या हातावर होती. महिनाभर गरम इंजिनाखाली दबलेलं ते रबर मांदेलीसारखं गार होतं.

गोदूबाई गुडघाभर पाण्यात आली. "सायेब, चारीच्या चारी घेऊन जा."

आता माझी चूक सांगतो. कोर्ट पाहणीला येण्याचा संभव होता. चकत्या होडीत दिसल्या तरच भगवंत सुटणार होता. "एक मी नेतो," मी ठणकावून म्हणालो. "तीन निकालापर्यंत राहू द्या. भाऊ घरी यायला हवा ना?"

तिने आधी दादूकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

माझ्या अहवालात सगळं खरं होतं. रबर साधं आहे, अशी चकती इंजिनाखाली चालते, नळीत बसल्याशिवाय ती शस्त्राचा भाग ठरत नाही. इंजिनाच्या आवाजाबद्दल मी एक ओळही लिहिली नाही. सव्वीस वर्षांत पाहिलेली गोष्ट गाळण्याची ती पहिली वेळ.

कोर्ट पाहणीला आलंच नाही. शनिवारी भगवंत सुटला. तो तसाच पाना घेऊन सातपाटीला गेला, बहिणीच्या सांगण्यावरून उरलेल्या तीन काढायला. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा तो पाना हातात धरून बंदरावर उभा होता. त्याच दिवशी पहाटेच्या धुक्यात एका मोठ्या बोटीने दादूच्या होडीला मधोमध धडक दिली होती. बोटीवरचे शपथेवर सांगत होते, पुढे होडी आहे हे कुणालाच ऐकू आलं नाही. दोन खलाशी पोहून वाचले. इंजिन बुडालं. दादू सापडला नाही.

मी गोदूबाईची माफी मागितली.

चौथी चकती माझ्या टेबलाच्या खणात होती. दहाव्या दिवशी दुपारी खणातून आवाज आला. फार लांबचा. तीन ठोके आणि एक उचकी.

दुसऱ्या दिवशी तो पाऊण तासाने उशिरा आला. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. मी भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

गोदूबाईला मी निरोप पाठवला. आणखी काय करणार? ती आली, रिकामी पाटी उपडी घालून टेबलाशी बसली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"ह्यांचंच हाय," ती म्हणाली. "अजून खोल पान्यात हायेत."

तेव्हापासून ती रोज भरतीला येते. ठोका रोज थोडा मोठा होतो. खण उघडून मी चकती दोनदा तपासली. दादूने पाडलेलं भोक पार बुजलं होतं, आणि रबर ओलं होतं.

काल तीन ठोके, उचकी, तीन ठोके, आणि इंजिन मंद झालं.

गोदूबाई उठली. तिने पाटी कमरेला लावली. खणाकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या दाराकडे तोंड करून ती उभी राहिली.