शिवकुमारच्या पोटातले उपाशी जंतू

"मावशी, चटणी वाढा की अजून!"

सात रस्त्याजवळच्या खानावळीत मागच्या टेबलावरून हाक आली आणि बुद्धप्रियाचा घास हातातच राहिला. हा आवाज... महिनाभर फोनवर ऐकलेला!

बुद्धप्रिया माणसाच्या आतड्यातल्या जंतूंवर संशोधन करायची. कोणी काय खाल्लं ते रोज फोनवर विचारून संगणकाला सांगायचं. मग कुठला जंतू काय खाईल, किती वाढेल, याचं गणित तो मांडायचा. बाकी सगळ्यांचं गणित तपासणीशी जुळलं. फक्त चिंचोळी एमआयडीसीतल्या या शिवकुमारचे जंतू तपासणीत गलेलठ्ठ निघायचे आणि संगणकात उपाशी मरायचे. मरताना असा आकांत मांडायचे, की वरचा पंखा घाबरून उलटा फिरायचा! शुक्रवारपर्यंत गणित जुळलं नाही, तर मार्गदर्शक बाई विषयच बंद करणार होत्या. दोन वर्षं पाण्यात.

ती ताडकन उठली आणि त्याच्यासमोर जाऊन बसली.

"शिवकुमार ना? मी बुद्धप्रिया."

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे — छे, डोळे बघायला वेळ कुणाला होता! ...तरी बघितलेच तिनं.

"अगं बाबौ! फोनवर लई म्हाताऱ्या वाटता की, मॅडम."

"काय खाताय?"

"भाकरी, आमटी. रोजचंच."

"आणि हे?"

ताटात शेंगाचटणीचा डोंगर होता. वर चढलं तर थेट त्याच्या गावचं, दुधनीचं स्टेशन दिसावं!

"ही व्हय? चटणी हाय."

"मग सांगितली का नाही? रोज घसा कोरडा करून विचारत होते — अजून काही? अजून काही?"

"तुमी जेवण इचारलं. चटणी काय जेवण असती? ती नुसती तोंडी लावायची!"

बुद्धप्रियानं कपाळावर हात मारला. तिथंच लॅपटॉप उघडला, शेंगदाणे घातले, लसूण घातला... आणि जंतू असे फोफावले, की झाकण मिटता मिटेना!

"जुळलं?" शिवकुमारचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजी आता... फोन न्हाय येणार?"

"मुळीच नाही! तुमच्या सांगण्यावर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही. उद्यापासून माझ्यासमोर बसून जेवायचं."

"आन् कवापतुर? जंतू म्हनतील तवर?"

"जंतूंना काय विचारता, अहो!" ती वैतागून म्हणाली, कान मात्र लालबुंद. "मला विचारा की..."