येलाबाईचा मुराळी

असोद्याच्या वच्छलाबाईंना चीन कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हतं, पण तिथल्या एका थोरल्या घरातल्या तिन्ही सुनांच्या कुरबुरी त्यांना तोंडपाठ होत्या. ही करामत त्यांच्या सुनेची. प्रमिला जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि येताना वाचनालयातून चिनी कादंबऱ्यांची भाषांतरं घेऊन यायची. चीनच का, असं गिरधरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा विचारलं तर म्हणाली, "तिथल्या सासवा वाचल्या की आपली बरी वाटते." वच्छलाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या मनापासून हसल्या. सासू-सुनेचं असं गूळपीठ गावात दुसरं नव्हतं.

मग सत्त्याऐंशी साल उजाडलं. आखाजीला लेक मंजुळा शिरपूरहून माहेरी आली. आमच्या खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला सासरहून आणतो आणि चार दिवस तिला कोणी कामाला लावत नाही. मंजुळा म्हणाली, "माय, यंदा मले जास्त राहू दे." दुसऱ्याच दिवशी सासरची माणसं न्यायला आली. लोक काय म्हणतील, म्हणून वच्छलाबाईंनी तिची पिशवी स्वतःच्या हाताने भरून दिली. पोळ्याच्या आसपास मंजुळा तिकडे तापाने गेली.

तेव्हापासून वच्छलाबाईंचा घास तुटला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यात हे. जानेवारीपर्यंत हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावली आणि प्रमिलाला बाजूला घेऊन सांगितलं, की बाईंनी खाल्लं तरच बाई राहतील.

औषध प्रमिलाला अचानक सापडलं. एका दुपारी ती त्या थोरल्या घराची नवी कादंबरी मोठ्याने वाचत होती आणि ऐकता ऐकता सासूबाईंनी समोरची अर्धी भाकरी खाऊन टाकली. मग तिने नेमच धरला. एका प्रकरणाला अर्धी भाकरी, प्रकरण लांबलचक असलं तर वर वाटीभर वरण.

कादंबरीतली मधली सून युएलान. वच्छलाबाईंनी पहिल्याच दिवशी तिची येलाबाई करून टाकली. लहानपणी पाय आवळून बांधलेली, नवऱ्याने टाकल्यात जमा, थोरल्या जावेच्या बोटावर नाचणारी. "आज जेवली का ती?" असं त्या विचारायच्या, आणि पुस्तकात तसं काही नसलं तरी प्रमिला म्हणायची, "जेवली. भातच असतो त्यांच्याकडे."

एप्रिलमध्ये घोटाळा झाला. प्रमिलाला पुढचं वाचून ठेवायची खोड. पुस्तक नवंकोरं होतं, शेवटची काही पानं छापखान्यात कापायची राहिलेली, कडेला एकमेकांना जोडलेली. तिने फूटपट्टीने ती एकेक करून फाडली आणि तेविसावं प्रकरण वाचलं. आजारी येलाबाई आईकडे पळून जाते, सासरची दोन माणसं तिला अर्ध्या वाटेवरून धरून आणतात, आणि मागच्या खोलीत ती एकटी, आईला हाका मारत मरते.

हे सासूबाईंना वाचून दाखवणं म्हणजे हाताने विष कालवणं होतं. प्रमिलाने पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत केलं आणि थाप मारली, की वाचनालयाने परत मागितलं.

त्या संध्याकाळी भाकरी ताटात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी लेकाला जवळ बसवलं.

"गिरधर, आखाजी आली. येलाबाईले घ्याले जाय."

"कोनाले?"

"तिले भाऊ नही. कोन जाईन मुराळी?"

"चीनले जाऊ? मोटारसायकलवर?"

"जयगावले जाय. तिथंच ठेवेल हाये ना ते पुस्तक. ते वाट पाहत असीन."

गिरधरने बायकोकडे पाहिलं. प्रमिलाने मान डोलावली. आखाजीपुरतं आणू, तेविसावं प्रकरण गाळून वाचू, एवढाच तिचा हिशेब. वच्छलाबाईंनी चाचपडत सांजोऱ्यांची शिदोरी बांधली आणि लेकाला बजावलं, "येताना हळू चालवजो. तिले सवय नही."

गिरधर उन्हं कलताना परतला. पुस्तक शर्टात खोचलेलं. चेहरा जरा ओशाळा. रसवंतीवाल्याने न मागता दोन ग्लास भरले, म्हणाला. आणि रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा डोक्यावर भारा घेतलेली कोणी म्हातारी त्याला रागे भरली होती, की भाऊ, पोरीचे पाय लोंबू राहिले, जरा टेकाले जागा दे.

"उन्हाचा परिणाम," प्रमिला म्हणाली.

"मागं वजन व्हतं, प्रमिला. चढावर गाडी वढत नव्हती."

वच्छलाबाई तोवर दारात आल्या होत्या. त्यांनी लेकीवरून ओवाळतात तसा भाकरतुकडा ओवाळला आणि रस्त्यावर टाकला. हात त्यांनी पुस्तकावरून फिरवला नाही. गिरधरच्या डाव्या बाजूला, खांद्याएवढ्या उंचीवर, जिथे कोणी नव्हतं तिथे फिरवला.

त्या दिवशी त्या दीड भाकरी जेवल्या. प्रमिलाला इतका आनंद झाला, की बाकीचं तिने मनावर घेतलं नाही.

आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. वच्छलाबाईंनी शेजारी दुसरं ताट मांडायला लावलं. पुस्तक पाटावर. त्या जेवत होत्या, मधूनच बाजूला वळून पुटपुटत होत्या, हसत होत्या. मंजुळा गेल्यापासून असं हसू घरात कोणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या ताटाला कोणी शिवलं नाही. अन्न वाया कशाला, म्हणून प्रमिलाने नंतर त्यातली पोळी तोंडात टाकली. तिला गोडी नव्हती. तूप, गूळ, वेलदोडा, कशाचीच चव नाही, ओला कागद चावावा तसं. तिने सासूबाईंच्या ताटातला तुकडा चाखला. तो गोड होता. दोन्ही पोळ्या तिने एकाच पुरणाच्या केल्या होत्या.

मग लिंबाला बांधलेला झोका. बायका गाणी म्हणत होत्या, आळीपाळीने बसत होत्या, आणि मधेच एकदा सगळ्या थोड्या मागे सरकल्या. का सरकल्या हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नाही. रिकामा झोका बराच वेळ जात-येत राहिला, संथ, एका लयीत. वारं तर नावाला नव्हतं. वच्छलाबाई ओट्यावरून टाळ्या वाजवत होत्या.

प्रमिला विज्ञानाची बाई. तिने ठरवलं, की एकदा पुस्तक उघडून बघायचं आणि हे भूत डोक्यातून काढायचं. दुपारी सगळे पडल्यावर तिने तेविसावं प्रकरण काढलं.

ते उघडेना. पानं कडेला जोडलेली होती. फाडल्याची खूण नाही, दोऱ्याएवढी फट नाही. फूटपट्टी मात्र तिच्या पिशवीत होती आणि तिच्या कडेला पांढरा कागदी भुसा अजून लागलेला होता.

तिने पुस्तक मिटलं आणि ते फडताळात, मंजुळाच्या लुगड्यांवर ठेवलं. भीती वाटली होती, हे खरंच. पण त्या आठवड्यात सासूबाईंचे गाल भरले होते, हेही खरं. प्रमिलाने मनाशी तोललं आणि कोणाला काही सांगितलं नाही. रोज दोन ताटं वाढली.

आठव्या दिवशी गिरधर केळीच्या मळ्यात गेलेला होता. भर दुपार. ऊन असं, की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. सासू-सुना ओट्याच्या सावलीत गहू निवडत बसल्या होत्या.

गल्लीच्या टोकाकडून दोन माणसं आली.

दोघांच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत निळे, कापूस भरलेले अंगरखे होते. वैशाखात. कपाळावर घामाचा थेंब नव्हता, पायांवर धूळ नव्हती.

"थोरल्या घराची सून आपल्याकडे आली आहे, असे समजते," त्यांतला एक म्हणाला. मराठी स्वच्छ होती. गावाची नाही, शहराची नाही. छापलेली. "आम्ही तिला न्यावयास आलो आहोत."

वच्छलाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. सासरची माणसं दारात आली, की लेक हवाली करायची, ही साठ वर्षांची सवय. त्यांचा एक हात भिंत धरून उठायला लागला. पिशवी भरून देताना गेल्या वर्षी त्यांचा चेहरा असाच झाला होता.

प्रमिलाने तो हात धरला आणि त्यांना खाली बसवलं.

"इथं कोणी आलेलं नाही," ती म्हणाली.

"आपण खात्रीने सांगता?"

"ह्या घरची एकच लेक होती. ती गेली. घर रिकामं आहे."

माणसं उभी राहिली. दोघांच्या पायाशी सावली पडायला हवी होती. प्रमिलाने पाहायचं टाळलं. गव्हाचे दाणे ती एकामागून एक बाजूला काढत राहिली, चांगले की किडके, हेही न बघता.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. गल्ली मोकळी होती.

वच्छलाबाई रडत होत्या. सुनेचा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "तू सांगलं ते बरं झालं, माय," त्या म्हणाल्या. "मले नसतं सांगता आलं."

प्रमिलाने त्यांना उठवलं आणि आत जायला दार ढकललं.

दार आतून बंद होतं.

तिने पुन्हा ढकललं. कडी घातलेली होती. मागच्या दाराला बाहेरून कुलूप, आणि किल्ली तिच्या कमरेला.

वच्छलाबाई पुढे झाल्या. दाराच्या फळीला त्यांनी गाल टेकवला, तापल्या पोराच्या कपाळाला टेकवावा तसा.

"उघड, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "गेले ते. नही धाडलं तुले."

आत जमिनीवर काहीतरी सरकलं. फार छोटी, जपून टाकलेली पावलं दारापर्यंत आली. मग कडी निघायला लागली, हळूहळू, तिची सवय नसलेल्या हाताने.