ताईला काहीच माहीत नसतं

मुलं घरी गेली आणि भिंतीने उद्याचं सामान सांगायला सुरुवात केली. बालवाडीची ताई अर्चना गवंडे खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. त्या क्षणी तिला जगातलं कुठलंच सामान आणायची इच्छा नव्हती.

"तुटलेलं कुलूप. मोड आलेले हरभरे. कोंबडीचं पीस," भिंत आपल्या समंजस आवाजात म्हणाली. "आणि एक मेलेली चिमणी."

मदतनीस छबूमावशी सतरंजी झटकत होत्या. त्यांचा हात थांबला. "काय म्हणाली ही?"

"मेलेली चिमणी म्हणाली."

"आता गं बया! परवा गांडुळं मागितली, ती दिली शोधून. आज मढं मागायलीय. उद्या म्हणंल, छबूलाच खणात बसवा!"

पृच्छाभिंत हे त्या भिंतीचं कागदोपत्री नाव. बार्शीच्या या बालवाडीत ती आली तेव्हा उद्घाटनाला फेटे बांधले होते, पेढे वाटले होते. छतातले बारीक कॅमेरे दिवसभर मुलांच्या डोळ्यांकडे बघत असत. कशाकडे बघताना डोळ्यातली बाहुली मोठी होते, हात कुठे थबकतो, श्वास कुठे अडखळतो, हे टिपत असत. त्यावरून मुलाच्या मनात कुठला प्रश्न उगवतोय याचा भिंत अंदाज बांधी आणि मुलाने तोंड उघडायच्या आत तिच्यातला एक खण उघडे. पाणी कुठे जातं असं वाटणाऱ्या मुलासमोर वाळू आणि गाळणी येई, सावलीमागे धावणाऱ्या मुलीसमोर विजेरी. मग मूल आपलं आपण शोधत बसे. मुलं खरोखर तल्लख निघत होती, हे अर्चनालाही मान्य होतं. फक्त मुलं बोलून काही विचारेनाशी झाली होती. पूर्वी उत्तरं देऊन अर्चनाचा घसा बसायचा, आता खण भरून पाठ धरायची.

ताईंना नियम दोनच होते. मुलाचा प्रश्न अडवायचा नाही आणि उत्तर द्यायचं नाही. मुलाने विचारलंच तर म्हणायचं, "मला नाही माहीत. शोधूया का?" प्रशिक्षणात हे वाक्य इतकं घोटून घेतलं होतं की भाजीत मीठ का नाही असं नवऱ्याने विचारलं तरी अर्चनाच्या तोंडून तेच निघे.

"चिमणीचा प्रश्न कुणाचा आहे?" तिने भिंतीला विचारलं.

"निहिराचा. झोपेच्या वेळी ती इतर मुलांच्या छातीकडे बघत असते. खिडकीपाशी मरून पडलेल्या फुलपाखराला तिने बराच वेळ बोटाने हलवून पाहिलं. थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होते का, हा तिचा प्रश्न असावा."

छबूमावशींनी हातातली सतरंजी खाली ठेवली. भिंतीला ठाऊक नव्हतं ते त्या दोघींना ठाऊक होतं. निहिराची आई गेल्या महिन्यात दवाखान्यात वारली होती. चार वर्षांच्या निहिराला मात्र आई कामासाठी पुण्याला गेलीय असं सांगितलं होतं.

अर्चना चप्पल पायात सरकवून निघाली. निहिराचे वडील साईनाथ रिक्षांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं दुकान चालवत. तिला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि ते पुसायला फडकं शोधू लागले. फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं.

"साईनाथ, पोरीला शंका आलीय," अर्चना म्हणाली. "तिला खरं सांगायला हवं. तुम्ही सांगा. नाहीतर ती भिंत काहीतरी करून तिला तिथवर नेईलच."

"चार वर्षांची आहे ओ ताई. थोडी मोठी झाली की सांगतो."

"ती आत्ता विचारतेय."

"मला तो शब्दच तोंडातून निघत नाही," साईनाथ म्हणाले. "रात्री ती विचारते, मी म्हणतो पुण्याला. म्हणताना मलाही जरा बरं वाटतं. तुम्ही एवढं करा. काही बोलू नका."

वाद घालायला हवा होता. पण अर्चना थकली होती आणि समोरचा माणूस तिच्याहून थकलेला होता. "बरं," ती म्हणाली, आणि घरी येताना आपलाच तिला राग आला.

सकाळी तिने कुलूप ठेवलं, हरभरे ठेवले, पीस ठेवलं. चिमणीचा खण रिकामाच बंद केला. भिंतीवर लाल दिवा लागला, तो दिवसभर तसाच राहणार होता आणि वर कुठेतरी त्याची नोंद होणार होती. होऊ दे, असं तिने ठरवलं.

मुलं आली. निहिरा खिडकीपाशी गेली, आदल्या दिवशीचं फुलपाखरू तिथेच पडलं होतं. ती वाकून बघत असतानाच मागे खण उघडला. तिने वळून आत पाहिलं, हात घालून चाचपलं. खण रिकामा. या वर्गातल्या कुठल्याच मुलाने रिकामा खण कधी पाहिला नव्हता. ती वळली आणि सरळ अर्चनापाशी आली.

"ताई, आई कुठंय?"

किती दिवसांनी कुणी मूल तिच्या तोंडाकडे बघून काही विचारत होतं. अर्चनाने मायेने तिचे केस मागे सारले आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "मला नाही माहीत गं. शोधूया का?"

वाक्य बाहेर पडल्यावर ते मागे घ्यायला तिने तोंड उघडलं. पण निहिराचा चेहरा उजळला होता.

"ए, चला! माझ्या आईला शोधायचंय!"

असा शोध मुलांना कुणी दिला नव्हता. सगळी उठली. भिंतीनेही हौसेने खण उघडले. विजेऱ्या आल्या, भिंगं आली, एक शिट्टी आली. मुलांनी सतरंजीखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, मग सगळी अंगणात पळाली. "निहिराच्या आई! ओ निहिराच्या आई!" अशा हाका सुरू झाल्या. कुणी पाण्याच्या टाकीमागे डोकावत होतं, कुणी शेवग्यावर चढू बघत होतं. छबूमावशी पदराने तोंड दाबून दारात उभ्या राहिल्या. त्या सगळ्या गोंधळात हसत नव्हती ती एकटी निहिरा. एकेक जागा नीट तपासून ती फाटकापाशी पोहोचली आणि टाचा उंचावून कडी काढू लागली.

"इथं नाहीये. बाहेर बघू."

"निहिरा, थांब." अर्चना धावत आली आणि गुडघे कुरकुरत असताना तिच्यासमोर खाली बसली. "मी चुकीचं बोलले. मला माहीत आहे."

निहिराने कडीवरचा हात काढला नाही.

"तुझी आई मेली, बाळा. ती खूप आजारी होती. तिचं शरीर थांबलं, ते आता पुन्हा सुरू होणार नाही. ती पुण्याला नाही, कुठे लपलेली नाही. कितीही शोधलं तरी ती सापडायची नाही." एवढं बोलून तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

हाका एकेक करत थांबल्या. मुलं हातातल्या विजेऱ्या घेऊन जवळ आली. आत वर्गात भिंतीचा एकही खण वाजला नाही. निहिरा बराच वेळ अर्चनाच्या ओल्या गालाकडे बघत होती. मग ती तिच्या मांडीवर बसली, रडली, आणि रडून दमल्यावर फ्रॉकने नाक पुसत काहीतरी विचार करू लागली.

छबूमावशींनी साईनाथना फोन केला होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, साईनाथ उतरून घाईघाईने चालत येताना दिसले. त्यांना पाहताच निहिराने अर्चनाच्या कानाशी तोंड नेलं.

"ताई, बाबांना अजून माहीत नाहीये. ते रोज म्हणतात, ती पुण्याला गेलीय," ती हळूच म्हणाली. "त्यांना कोण सांगणार?"