पाटीची लाल बाजू

शाळेच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला बुटांचं कपाट आणि त्याच्यावर पाट्यांचा फळा होता. बोटभर लांबीच्या अठरा लाकडी पाट्या, प्रत्येकीवर एक नाव, एका बाजूला काळ्या अक्षरांत, दुसऱ्या बाजूला लाल. सकाळी आलं की बाहेरचे बूट कपाटात ठेवायचे, आतले बूट घालायचे आणि आपली पाटी काळ्या बाजूवर फिरवायची. जाताना लाल. मुख्याध्यापकांपासून झाडलोट करणाऱ्या हातायामा मावशींपर्यंत कुणाचीच यातून सुटका नव्हती. ज्या देशात संडासाचं झाकणसुद्धा आपलं आपण उघडतं, तिथे हजेरी मात्र लाकडाच्या तुकड्यावर चालते, याचं ग्वेनला पहिल्या वर्षी फार हसू यायचं. दुसऱ्या वर्षी हात आपोआप पाटीकडे जायला लागला.

ग्वेन प्रिचर्ड वेल्समधल्या टायविनची. अकिता प्रांतातल्या या डोंगराळ जपानी गावात इंग्रजी शिकवायला आलेली, गावातली एकुलती एक परदेशी. राहायला शाळेसमोरच, रस्ता ओलांडला की दुमजली इमारतीत वरची खोली. करार मार्चमध्ये संपत होता आणि अठ्ठावीस तारखेचं विमानाचं तिकीट काढून झालं होतं. घाई होती ती आईसाठी. आईच्या डोळ्यांची नजर मधोमध विझत चालली होती. उन्हाळ्यापर्यंत टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणाले होते. "बाकी काही दिसलं नाही तरी चालेल गं," आई फोनवर म्हणाली होती, "तुझा चेहरा तेवढा एकदा नीट बघून ठेवायचाय." वडील गेल्यापासून आईने काही मागितलं असेल तर ते एवढंच.

शनिवारी ग्वेन फिरायला जायची. एका डब्याची गाडी, जेवणाच्या डब्यात भाताचे दोन मुटके, आणि जिथे उतरू तिथे बघणारे लोक. मोठी माणसं बघत नसल्यासारखं करून बघायची, पोरं तोंड उघडं टाकून बघायची. कुठे दुसरा परदेशी दिसलाच, तर दोघांनी लांबूनच हलकी मान हलवायची, बोलायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळे पाळायचे.

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी शेजारच्या गावची गाडी पकडायच्या घाईत ती पाटी फिरवायला विसरली. दुसऱ्या दिवशी काकुनोदातेला जाताना गाडीत आठवलं. एका पाटीने काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून तिने खिडकीबाहेर लक्ष दिलं.

त्या दिवशी कुणीच तिच्याकडे बघितलं नाही. जुन्या वाड्यांच्या गल्लीतून ती दोन तास फिरली, शाळेच्या सहलीतली चाळीस पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, एकानेही 'हॅलो हॅलो' केलं नाही. ग्वेनला इतकं बरं वाटलं की तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दीड वर्षांनी का होईना, आपण इथल्या झालो. फक्त पुलाच्या कठड्याला टेकलेला, तपकिरी रेनकोटातला एक उंच गोरा माणूस तिच्याकडे बघत होता. त्याने मान हलवली. तिनेही हलवली.

येताना तिने स्टाफरूमसाठी मिठाईचा खोका आणला. बाहेरगावी गेलं की सहकाऱ्यांना काही आणायचं, ही इथली रीतच. सोमवारी ती प्रत्येकाच्या टेबलावर एकेक पुडी ठेवत होती, तेव्हा उपमुख्याध्यापक तोगाशी सर खुर्चीतून उठून चक्क वाकले.

"शनिवारी तुम्हाला फार त्रास दिला."

"कसला त्रास, सर?"

"दिवसभर वह्या तपासत बसलात. मुलांचा बँडचा सरावही ऐकलात. आणि ही मिठाई कुणी आणली?"

"मीच. काकुनोदातेहून. शनिवारी तिथेच होते मी."

तोगाशी सर हसले. चूक दाखवून समोरच्याला लाजवायचं नाही, म्हणून हसायचं, तसं हसले. "बरं, बरं. छान आहे हो मिठाई."

ग्वेनने टेबलाच्या कप्प्यातून वह्या काढल्या. चौतीसच्या चौतीस तपासलेल्या. लाल शाई, तिचंच अक्षर, शेवटी ती काढते तसला हसरा चेहरा. गुरुवारी रात्री दमलेल्या डोळ्यांनी तपासल्या असतील आणि विसरले असेन, असं तिने ठरवून टाकलं. माणूस पटेल तेच कारण शोधतो.

पुढच्या शुक्रवारी तिने मुद्दाम थांबून पाटी लाल बाजूवर फिरवली, वर बोटाने दाबलीही. शनिवारी ताझावा तलावावर गेली. तिथल्या खानावळीत ती वीस मिनिटं बसली, कुणी पाण्याचा पेलासुद्धा आणून ठेवला नाही. तिने हाक मारली. वाढणारी बाई तिच्या शेजारचं टेबल पुसून गेली. बाहेर पडताना सरकतं दार उघडेना. ती दारासमोर हात हलवत उभी राहिली, शेवटी मागून एक म्हातारं जोडपं आलं, तेव्हा ते उघडलं. म्हातारी तिच्या पायावर पाय देऊन पुढे गेली, आणि माफी मागितली नाही. या देशात.

तलावाकाठच्या बाकावर तो तपकिरी रेनकोटवाला बसला होता. त्याने मान हलवली. या वेळी तिने हलवली नाही.

परत येताच ती स्टेशनवरून थेट शाळेत गेली. चार वाजले होते, वरच्या मजल्यावर बँडचा सराव चालू होता. तिची पाटी काळ्या बाजूवर होती. कपाटातल्या तिच्या खणात आतले बूट नव्हते. त्यांच्या जागी बाहेरचे बूट होते, तपकिरी, डाव्याची नाडी तुटून गाठ मारलेली. तसेच तिच्या पायात होते. तिने कपाटातल्या बुटात हात घातला. आतून ऊबदार होता.

ती अर्धवट पळतच घरी गेली. वर जाऊन बघायचं तिचं धाडस झालं नाही, आणि पुढे याच गोष्टीची तिला सर्वांत जास्त चीड येत राहिली.

सोमवारी तिने हातायामा मावशींना गाठलं. मावशी फळ्याची धूळ झटकत होत्या.

"मावशी, शनिवारी माझी पाटी कुणी फिरवली?"

"कोण फिरवणार? तूच की. सकाळी आलीस, मला म्हणालीस, काय थंडी आहे. मी म्हटलं, ही कसली थंडी, जानेवारीत बघ. विसरलीस? एवढ्या तरुण वयात?"

"आणि ही कुणाची?" ग्वेनने शेवटच्या ओळीतली एक पाटी दाखवली. लाल बाजू, अक्षरं फिकी पडलेली. हॉवर्ड.

"तुझ्या आधीचे मास्तर. कॅनडाचे. अकरा वर्षं झाली. बाहेर गेलेत."

"बाहेर?"

"म्हणजे घरी गेले गं त्यांच्या. जाणाऱ्याने आपल्या हाताने लाल करून जायचं. पाटी आपण काढत नाही. काढली तर परत यायची वाट बंद केल्यासारखं होतं." मावशींनी तीही पाटी पुसली. "दर नव्या वर्षाला पत्र येतं. बायकामुलांचा फोटो असतो. सोन्यासारखा संसार आहे."

त्याच आठवड्यात एका रात्री खोलीवरून तिने आईला फोन लावला. आई "हॅलो, हॅलो, कोण आहे?" म्हणत राहिली आणि कंटाळून तिने ठेवून दिला. ग्वेनने पुन्हा लावला. या वेळी सकाळी, पाटी काळी असताना, शाळेतून. आईने लगेच आवाज ओळखला.

"अगं, शनिवारी तर एवढं बोललो की आपण," आई म्हणाली. "किती वर्षांनी हसलीस तू तशी. तुझा आवाज इतका छान वाटला म्हणून सांगू. पूर्वीसारखा."

आपल्या आईला आपल्यापेक्षा दुसऱ्या कुणाचा आवाज आवडला, हे ग्वेन कुणाला सांगणार होती?

नव्या वर्षाची पत्रं स्टाफरूमच्या फळ्यावर टाचली होती. कॅनडातला बर्फ, लाल गालांची दोन मुलं, बायको, आणि मधे उंच हॉवर्ड. तोच चेहरा. फोटोतल्या माणसाचे केस पांढरे व्हायला लागले होते. बाकावरच्या माणसाचे नव्हते.

त्या दिवसापासून ग्वेनने फिरणं बंद केलं. शनिवारी ती शाळेत जाऊन बसायला लागली, आणि आश्चर्य म्हणजे सगळं ठीक झालं. ती आत असली की दुसरी कुणी आत नसायची. पोरं हाका मारायची, तोगाशी सर चहा विचारायचे, दारं उघडायची. संध्याकाळी पाटी लाल करायची, रस्ता ओलांडायचा, खोलीला आतून कडी घालायची, पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन काळी करायची. गाव एवढंच उरलं, एक रस्ता आणि त्याच्या दोन बाजू. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला. गाडीची शिट्टी ऐकली की तिला रडू यायचं. पण दिवस मोजले की बरं वाटायचं. साठ. बावीस. नऊ. विमानात बसले की सुटले, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

अठ्ठावीसला सकाळी सगळे तिच्यासाठी जमले. सुट्टी असूनही बँडची मुलं आली होती. भाषणं झाली, मावशींनी डोळे पुसले. तोगाशी सर तिला आपल्या गाडीने विमानतळावर सोडणार होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"मॅडम, बॅग कुठे आहे तुमची?"

"खोलीवर. दोन मिनिटांत आणते."

"पळा, पळा. रस्त्यात बर्फ आहे."

ती पळाली. रस्ता ओलांडला, जिना चढली, आणि वरच्या पायरीवर तिचा पाय थबकला.

पाटी.

ती काळीच राहिली होती. तरी तिने दार उघडलं. खोली झाडूनपुसून रिकामी होती. बॅग दाराशी ठेवली होती, ती नव्हती. पासपोर्टची पिशवी खुंटीला होती, तीही नव्हती.

ती खाली आली. शाळेच्या फाटकातून आत गेली, दारापर्यंत गेली. काचेचं दार लोटायला गेली, तर थंडी आत येते म्हणून मावशींनी तेवढ्यात ते आतून ओढून घट्ट लावलं. ग्वेनने काचेवर हात आपटले. मावशी तिच्या आरपार आकाशाकडे बघून म्हणाल्या, "आज उघडणार वाटतं."

कपाटातल्या तिच्या खणात बाहेरचे बूट होते. काचेतून गाठ दिसत होती.

तिने सगळ्यांची नावं घेऊन हाका मारल्या. आवाज बसेपर्यंत.

मग ती फाटकाबाहेर आली. समोर बसच्या थांब्याचा बाक होता. तपकिरी रेनकोटवाला बाकाच्या मधोमध बसला होता. तिला बघून तो एका बाजूला सरकला.

ती बसली. तो म्हणाला, "नीट वागेल ती. माझा नीट वागतो."

"माझ्या आईला माझा चेहरा बघायचाय," ग्वेन म्हणाली.

"बघेल की," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं.

दार उघडलं. मुलांनी वाजवायला सुरुवात केली. निळा कोट घातलेली एक बाई पायरीवर बसली, तिने बूट घातले, डाव्या नाडीची गाठ घट्ट केली. उभी राहून फळ्यावरची आपली पाटी लाल बाजूवर फिरवली आणि सगळ्यांसमोर खोल वाकली, ग्वेनला दोन वर्षांत कधी जमलं नव्हतं इतकं नीट. मावशी रडल्या. तोगाशी सरांनी बॅग गाडीत ठेवली.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि थांब्यासमोरून हळूहळू गेली, कारण रस्त्यात बर्फ होता. मागच्या काचेतून ती बाहेर बघत होती. बाकावरची दोघं तिला दिसली.

तिने लांबूनच हलकी मान हलवली.