चौथ्याची जागा

मूल गावच्या बाजारात श्रावण डोंगरेचा फोटो स्टुडिओ होता. रंगवलेल्या धबधब्याचा पडदा, त्यापुढे एक बाक, आणि त्या बाकावर बसून हसायला साफ नकार देणारी आमच्या मुलखातली माणसं. श्रावण फिल्मच्या बाबतीत भारी चिकट. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात आलापल्लीकडच्या एका लाकूड ठेकेदारानं मजुरांच्या पासाचे फोटो काढायला बोलावलं, तेव्हा त्यानं नामी युक्ती शोधली. सागाच्या ओंडक्यावर तिघांना बसवायचं, कळ एकदाच दाबायची, आणि घरी आल्यावर कात्रीनं तिघं वेगळे करायचे.

पहिले तिघं बसले तसा मजुरांमधला म्हातारा जंगू एक दगड घेऊन आला. तो त्यानं ओंडक्याच्या टोकाला, जपून, माणूस बसवावा तसा ठेवला.

"हे काय, जंगूभाऊ?"

"तिघाइचा फोटू नाई काढू. त्यातला एक जाते. गोटा बसला का चार झाले."

"गोट्याचा बी पास काढाचा हाये का?" श्रावण हसला. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली, तेव्हाच असलं सगळं त्यांच्या घरातून गेलं होतं. त्यानं दगड पायानंच ढकलला. "कापताना मधात येते."

दगड गवतात गेला. पण त्यानंतर जे जे तिघं बसले, ते दगडाची जागा सोडून बसले. सगळ्यात शेवटी बसला पोचू, उंच, हडकुळा गडी. श्रावणनं त्याला टोकाकडे सरकायला सांगितलं.

"कुठी सरकू भाऊ? जागा कुठी हाये?" पोचू म्हणाला.

ओंडका हातभर मोकळा होता.

घरी फोटो धुऊन, वाळवून श्रावण कापायला बसला. तिघं सुटे केले की कडेची रिकामी पट्टी उरायची. त्या पट्ट्या सुगंधाला खेळायला. पोरगी पाच वर्षांची, एकुलती एक. तिनं त्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि विचारलं, "बाबा, हा मामा कोन?"

श्रावणनं वाकून पाहिलं. पहिल्या पट्टीत नुसता ओंडका. पुढच्या एकीत ओंडक्यावर काळसर ओल. हायपोचा डाग, फोटो धुण्याच्या औषधाचा, तो म्हणाला. त्यापुढे एक गुडघा. मग धोतराची कड, मांडीवर ठेवलेला हात. एकेका पट्टीत कोणीतरी सावकाश बसत होतं. शेवटच्या पट्टीत पूर्ण बसलं होतं. पट्टी पोचूच्या फोटोला लावून पाहिली, तर त्याचा खांदा पोचूच्या खांद्याला टेकला होता, आणि तोंड पोचूकडे वळलेलं, म्हणून दिसत नव्हतं.

त्यानं पट्ट्या चुलीत घातल्या. निगेटिव्हही घातली. फार बोभाटा न करता जळून गेली.

पुढच्याच आठवड्यात आलापल्लीच्या बसचा कंडक्टर स्टुडिओत टेकला. लाकडाच्या डेपोत थप्पी घसरून पोचू ओंडक्याखाली गेला म्हणाला. सोबतच्या दोघांना खरचटलंही नव्हतं.

श्रावण घरी काही बोलला नाही. बोलणार तरी काय? साऱ्या मूलला भूतबित काही नसते म्हणून ऐकवत आलेला माणूस.

मग बायकोनं, आशाबाईनं, टुमणं लावलं. तिची आई गडचिरोलीला अंथरुणाला खिळली होती, तिला तिघांचा फोटो पाहायचा होता. श्रावण आज ऊन नाही, उद्या फिल्म नाही, करत राहिला.

"दुनियेचे फोटू काढता, आन् घरच्या पोरीचा काढाले हात दुखते काय तुमचा?"

शेजारच्या कलाबाईला चौथी म्हणून बसवावं, तर ती धानाच्या कापणीला गेलेली. शेवटी श्रावण उमा नदीवर गेला आणि तिथला एक दगड पिशवीत लपवून घेऊन आला.

बाकावर आशाबाई, मध्ये त्याची जागा, कडेला सुगंधा. सुगंधाच्या पलीकडे त्यानं दगड ठेवला. नीट. दोन्ही हातांनी.

"हा गोटा काऊन?" आशाबाईनं विचारलं.

"शोभेले."

कॅमेऱ्याला चावी देऊन तो धावत येऊन बसला. घरघर झाली, कळ आपोआप पडली.

लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू धबधबा उमटला. मग आशाबाई. मग तो स्वतः. मग सुगंधा. त्यानं श्वास सोडला. तिच्या पलीकडे कोणी नव्हतं.

दगडही नव्हता.

तो खाली होता, बाकाच्या पायाशी, बाजूला काढून ठेवल्यासारखा. आणि सुगंधा अंग चोरून बसली होती, कोणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

त्यानं पोरीला हाक मारून आत बोलावलं.

"गोटा तू खाली ठेवला?"

"नाई. मामानं ठेवला."

"काऊन?"

सुगंधानं खांदे उडवले.

"म्हणे, कापताना मधात येते."