डाव्या बाजूची हाक

‘नाते’ असे छापलेल्या रकान्यापाशी येऊन त्याचे पेन थांबले, आणि टेबल पुसता पुसता तिचाही हात थांबला!

सकाळचे आठ वाजले होते. कपातला चहा निवून त्यावर साय धरली होती, दाराबाहेर सरकारी गाडी घरघरत उभी होती, आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या असलेल्या सूनबाईला हुंदका आवरत नव्हता. किती वर्षांच्या प्रतीक्षेनंतर तिला दिवस गेले होते... आठवा महिना चालू होता.

“मी जाते,” सून म्हणाली. “कागदावर स्पष्ट लिहिलंय, पत्नी किंवा आई. आई नसेल तर...” आणि तिने जीभ चावली.

आई नसेल तर! सासूच्या काळजात चर्र झाले. पण तीस वर्षांच्या सवयीने तिने ते गिळले आणि टेबलाचा उरलेला कोपरा नीट पुसून काढला.

गोष्ट साधी होती आणि भयंकर होती. नदीवरच्या पुलावर, दोन फाटकांच्या मधे, सहा दिवसांपासून हजारो माणसे अडकून पडली होती. मागे त्यांची गावे पेटलेली आणि पुढचे फाटक बंद! तिचा मुलगा इकडच्या सरकारच्या वतीने वाटाघाटी करत होता. दिवसरात्र फोनवर घसा कोरडा केल्यावर पलीकडचा दूत कसाबसा इकडे बोलणी करायला तयार झाला. मात्र आपल्याला इथे अटक होणार नाही याची हमी म्हणून, आपण परत जाईपर्यंत वाटाघाटी करणाऱ्याच्या घरचे जवळचे माणूस पलीकडे ठेवायचे, अशी त्याची अट होती. ते माणूस तिकडे पोचले की दूत निघणार, दूत इकडे पोचला की फाटक उघडणार. आणि हे आज घडले नाही, तर सूर्य मावळताच पलीकडचे सैनिक पूल ‘मोकळा’ करणार होते. मोकळा म्हणजे काय, हे विचारण्याची कुणाचीच छाती झाली नव्हती.

“माझं नाव लिही,” सासू म्हणाली. “आणि त्या रकान्यात ‘आई’ लिही. एक शब्द तर आहे. लिहिला म्हणून काही तो म्हणावा लागत नाही.”

त्याने मान वर केली.

“तुम्ही घाबरता,” तो कसाबसा म्हणाला. “तुम्हाला पालीचीसुद्धा भीती वाटते.”

“तिथं पाली नसतील,” ती म्हणाली.

त्याने लिहिले. लिहिताना ‘आ’चा काना तिरपा झाला. किती जड जातोय बिचाऱ्याला हा शब्द... असे तिच्या मनात आले, आणि तिने त्यालाही मनोमन क्षमा केली.

ती भित्री होती, यात मुळीच खोटे नव्हते. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, तार आली की वाचण्याआधीच रडायला लागायची. नवरा होता तोवर तिला ‘भागूबाई’ म्हणून चिडवायचा, आणि पुढे घरात तेच नाव पडले. तो गेला, नाव राहिले. पण मुलाने तिला भागूबाईही कधी म्हटले नाही. तो काहीच म्हणत नसे. “जेवायला वाढता का,” “मी निघतो, दार लावून घ्या,” अशी त्याची बिनसंबोधनाची वाक्ये! आईला जग ‘तू’ म्हणते. हा तिला ‘तुम्ही’ म्हणायचा. दूधवाला त्याचा दादा होता, शेजारीण मावशी होती, आणि जिने त्याच्या गोवरात अकरा रात्री डोळ्याला डोळा लावला नाही ती कुणीच नव्हती.

ती सावत्र आई म्हणून या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तिसऱ्याच दिवशी त्याने बापाच्या टेबलावरचा दगडी पेपरवेट उचलून तिच्यावर भिरकावला. तो तिच्या डाव्या कानावर बसला. न्हाणीघरात पाय घसरला, असे तिने नवऱ्याला सांगितले. सूज उतरली, मात्र त्या कानात त्या दिवशी जी शांतता शिरली ती पुन्हा बाहेर आली नाही. आणि तिनेही ही गोष्ट, अगदी अक्षरशः, या कानाची त्या कानाला कळू दिली नाही. कळले असते तर पोराला मार बसला असता. लोक म्हणायचे, भागूबाई मान तिरकी करून बोलतात, जरा तोऱ्यातच आहेत. म्हणोत बापडे!

फाटकापर्यंत तो तिच्याबरोबर चालत आला, नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या बाजूने, अर्धे पाऊल मागे. त्याला आपल्या शेजारी चालायची लाज वाटते, हे तिने केव्हाच मनाशी धरून ठेवले होते. मग पांढरे निशाण घेतलेल्या एका शिपायामागून ती एकटीच पुलावर शिरली.

अरे देवा... ती माणसे! कुणी गाठोड्यावर, कुणी नुसत्या डांबरावर बसलेले. एक म्हातारा दाराची कुलपे घेऊन बसला होता. दारे जळून गेली होती. एक बाई फाटकी छत्री तान्ह्या मुलावर धरून होती, स्वतः उन्हात. कुणी ओरडत नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. जीव मुठीत धरून ती चालत राहिली.

“बाई,” छत्रीवालीने विचारले, “फाटक उघडणार का हो?”

“उघडेल,” भागूबाई म्हणाली, आणि आपल्या तोंडून हे काय निघून गेले म्हणून तिने झपाझप पाय उचलले.

पलीकडच्या चौकीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक टेलिफोन आणि पुलाकडे उघडणारी खिडकी होती. समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्याची भाषा हिचीच होती, फक्त हेल वेगळा.

“मागच्या खेपेला तुमच्या लोकांनी ऑफिसातली एक बाई कुणाची तरी बायको म्हणून पाठवली होती,” तो म्हणाला. “म्हणून आता आम्ही विचारून घेतो. आमचा माणूस तिकडे तुमच्या मुलापाशी बसलाय. प्रश्न दोघांना तेच. उत्तरं जुळली तर आमचे दूत निघतील. नाही जुळली तर चर्चा संपली. तुमच्या पोटचा आहे की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. त्याचा जीव तुमच्यात अडकलाय का, तेवढंच मला बघायचंय.”

त्याचा जीव... माझ्यात!

“त्याच्या अंगावर काही खूण?”

“उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा.”

“काय खात नाही?”

“दुधावरची साय. दूध गाळूनच द्यावं लागतं. अजूनही.”

अधिकाऱ्याने फोनवर ऐकून दोन खुणा केल्या. मग त्याने पेन खाली ठेवले.

“तो तुम्हाला काय म्हणून हाक मारतो?”

खिडकीबाहेर सैनिक रांगेत उभे राहत होते, ऊन कलले होते. ‘आई’ म्हणावे? पण आपला मुलगा... तो एकेका शब्दासाठी आठवडा आठवडा भांडणारा माणूस, खोटे कधी बोलत नाही. तो खरे तेच सांगेल, आणि आपले ‘आई’ उघडे पडेल! सगळे धैर्य एकवटून, तीस वर्षांचे दुःख प्रथमच परक्या माणसासमोर उघडे करत ती म्हणाली,

“काहीच नाही. तो मला काहीच म्हणत नाही.”

अधिकारी फोनवर ऐकत होता. त्याच्या भुवया हळूहळू जवळ आल्या.

“तो म्हणतो, ‘आई’. रोज म्हणतो म्हणे.”

संपले! जन्मात पहिल्यांदा पोर आपल्यासाठी खोटे बोलले, आणि आपल्या खरेपणाने त्याचा घात केला! तिला छत्रीवाली दिसली, तिने दिलेला शब्द आठवला, आणि ती हमसून हमसून रडू लागली. “साहेब, माझीच चूक... मी विसरले... म्हातारी बाई मी, तो म्हणतो तेच लिहा हो!”

अधिकारी फोनमध्ये तुटकपणे काही विचारत होता, मग बराच वेळ नुसता लिहीत राहिला. मग तो उठला आणि तिच्या पाठीमागे गेला. तिने डोळे मिटून घेतले. आता काय करणार हा? मागे तो उभा आहे एवढे तिला जाणवत होते. खोलीत शांतता होती. ती खुर्चीच्या कडा धरून, अंग चोरून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने तो समोर आला. त्याने चष्मा काढला होता.

“मावशी,” तो म्हणाला, “मी तुम्हाला तीनदा हळूच विचारलं, पाणी हवं का म्हणून. इथं, तुमच्या डाव्या खांद्याशी उभं राहून.”

तिचा हात आपोआप कानाकडे गेला.

“तुमच्या मुलानं सांगितलेलं लिहून घेतलंय. वाचतो.” त्याने कागद खिडकीकडे धरला. “‘आम्ही दोघंही खरं बोलतोय. नऊ वर्षांचा असताना मी तिला पेपरवेट फेकून मारला. तिनं सांगितलं, पाय घसरला. तेव्हापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तिनं हे कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या कानाचं मी वाटोळं केलं त्या बाजूनं चालतो आणि त्याच कानाशी मी तिला रोज हळूच आई म्हणतो. उजव्या बाजूनं म्हणायचं तोंड नव्हतं मला.’”

डावी बाजू... अर्धे पाऊल मागे... देवा, मी त्याला लाज म्हणत आले!

अधिकाऱ्याने फोन उचलला आणि एवढेच म्हणाला, “दूतांना निघू द्या.”

अर्ध्या तासाने दूरवर इकडचे फाटक वर जाताना तिने पाहिले. माणसे आधी उठलीच नाहीत. त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग छत्री हलली.

चार दिवस ती त्या चौकीत होती. बोलणी दोनदा फिसकटली. दोन्ही वेळा तिच्या दाराबाहेर पहारा वाढला आणि दोन्ही वेळा तिने भिंतीला पाठ लावून मरणाची वाट पाहिली. पाचव्या दिवशी सह्या झाल्या. आलेल्यांना गावी सुरक्षित परतता येईपर्यंत कुणी हाकलणार नाही, आणि पूल बंद होणार नाही, एवढेच ठरले. शांतता नव्हेच ती. पण एवढे ठरले.

पूल आता रिकामा होता. जागोजागी विसरलेल्या चपला पडल्या होत्या, त्या चुकवत ती फाटकाशी आली. तो उभा होता, दाढी वाढलेली, चार दिवसांचा शर्ट. तो पुढे झाला, सवयीने तिच्या डाव्या हाताला वळला, आणि अर्धे पाऊल मागे राहिला.

भागूबाई थांबली. तिने त्याचा दंड धरला आणि लहान मुलाला वळवावे तसे त्याला फिरवून उजवीकडे आणले.

“आता म्हण,” ती म्हणाली.

ज्या माणसाने दोन सरकारांना शब्द शोधून दिले होते, त्याला एक शब्द फुटेना.

“आई...” तो अखेर म्हणाला. “तू खूप घाबरली होतीस का गं?”

“खूप,” ती म्हणाली. “पुन्हा म्हण.”