साडेपाच तासांचं पाणी

विमानातून उतरलेल्या भलत्याच माणसाच्या गळ्यात वैहेरेनं फुलांची माळ घातली, तेव्हा पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती. तिच्या आईकडे मुक्कामाला येणारे म्हातारे प्राध्यापक मागेच राहिले, आणि हा उंच तरुण माळ हुंगत उभा!

“अहो, ती तुमची नाही. चुकून घातली.”

“तीन हजार सातशे किलोमीटर, साडेपाच तास, खाली नुसतं पाणी... एवढं करून आलोय. आता नाही काढणार.”

तिनं ओठ दाबून हसू आवरलं... पण डोळ्यांतलं राहिलंच.

त्याचं नाव लाउतारो. विमानतळावर वारा मोजायची यंत्रं बसवायला तो सांतियागो शहरातून सहा आठवड्यांसाठी रापा नुई बेटावर आला होता. तिसऱ्या दिवशी तो आईच्या हातचा मासा खायला आला. दहाव्या दिवसानंतर आई न विचारताच त्याचं ताट वाढू लागली. संध्याकाळी दोघं धक्क्यावर पाय सोडून बसत. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तो निघाला त्या दिवशी वैहेरे विमानतळावर गेली नाही. घोडा घेऊन टेकडीवर गेली. विमान डोक्यावरून गेलं, ठिपका झालं, संपलं. तासाभरानं तिच्या मनात आलं, आता त्याच्याखाली पाणी. तीन तासांनी, अजून पाणीच. मग फोन वाजला : ‘पोचलो. इथं गर्दी खूप आहे. तू नाहीस.’

चार महिने असेच निरोपांवर गेले. जूनमध्ये आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया सांतियागोला ठरली, आणि आईला घेऊन वैहेरे पहिल्यांदाच विमानात बसली. खिडकीतून पाणी संपता संपेना. एवढं अंतर!

जून म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा; सांतियागोला तो लोकरीचा कोट हातात घेऊन उभा होता.

“घाल. गारठशील.”

“लाउतारो, आधीच सांगते. मी इथं राहायला येणार नाही.”

“मी विचारलं कुठं?”

“तुझे डोळे विचारतायत.”

आई मध्येच म्हणाली, “मला नीट दिसत नाही, पण ऐकू येतं हो! आणि पोरा, तू वाळलायस.”

तो हसला. मग हळूच म्हणाला, “यंत्रं तपासायला वर्षातून दोनदा तिकडे माणूस जातो. मी नाव दिलंय.”

“फक्त दोनदा?”

“सध्या... तेवढंच माझ्या हातात आहे.”

कोटाची गुंडी लावता लावता वैहेरे खाली मान घालून म्हणाली, “माझा जीव आहे रे तुझ्यावर. उगीच ‘येईन, येईन’ नको म्हणूस. तारीख सांग.”

“चौदा सप्टेंबर.”

तिनं मान हलवली, आणि आपला गार पडलेला हात त्याच्या हातात दिला.